पहिल्या धारेचा वास

बेलो ओरिझोंती
शनिवार, २७ मे १९७२, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे

बेलार्मिनोमामा,

आशीर्वाद द्या.

हे पत्र लिहायला बसण्याआधी मी बारच्या मागच्या अंगणात उभा राहून तुमच्या नव्या हंगामाच्या उसाच्या दारूचा, काशासाचा, चौथा पेला हुंगत होतो. आधीच्या तीन पेल्यांना आला तोच वास चौथ्यालाही आला, म्हणून हात धुतले आणि कागद घेतला.

तुमचे पाच बुधले काल दुपारी वाल्दीरच्या ट्रकमधून आले. एकाचीही वेताची वीण तुटलेली नाही, बुचं घट्ट आहेत, वजन बरोबर आहे. प्रत्येकातली शंभर मिलिलीटर काढून बाटलीत हलवून पाहिली. बाटलीच्या गळ्याशी बुडबुड्यांची जपमाळ छान बसते आणि घड्याळात पाहिलं तर बावीस सेकंद टिकते. म्हणजे जोर हवा तेवढा आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

म्हणणं वासाबद्दल आहे. चांभाराच्या डिंकासारखा वास येतो, किंवा बायका नखांना लावतात त्या रंगासारखा. उसाचा वास त्याच्या मागून, उशिरा येतो. घोट घेतला की जीभ आधी गोड होते, मग टाळू कोरडी पडते आणि कपाळाच्या मधोमध खिळा ठोकल्यासारखं होतं. लिंबू आणि साखर घोटून त्यात मिसळून पाहिली. वास दबतो, खिळा राहतो. आपल्या नेहमीच्या मिश्रणात घालून पाहिली, म्हणजे तीन भाग तुमची नवी आणि एक भाग लाकडी पिंपातली जुनी. पहिला घोट बरा लागला, दुसऱ्याला पुन्हा तेच. निम्मी-निम्मी केली तरी तेच.

माझंच नाक बिघडलं असेल असं आधी वाटलं. गेल्या आठवड्यात सर्दी होती, आणि मंगळवारी बारच्या दाराला रंग दिला आहे. म्हणून अंगणात गेलो आणि तुमची गेल्या वर्षीची राखून ठेवलेली बाटली उघडली. तिचा वास नीट येतो: हिरवा ऊस आणि थोडं पिकलेलं केळं. त्यामुळे काय समजावं ते कळेना.

मालकांनी, सेउ ओझोरियोंनी, एक घोट घेतला आणि ओठ पुसले. म्हणाले, "लिटरला एक क्रूझेरो साठ देतो मी, जेनेझियो. एक साठमध्ये तुला अत्तर पाहिजे का? लोक पितात ती चढायला, हुंगायला नाही." शिवाय त्यांनी चर्चच्या फादरांकडून २४ जूनच्या सांव जुआंवच्या सणाचं काम घेतलं आहे. आलं-दालचिनी घालून उकळलेल्या गरम काशासासाठी तुमची आणखी शंभर लिटर हवी आहे. दोन-तीनशे माणसं पिणार, त्यांत म्हाताऱ्या बायकाही असणार.

मामा, विचारायला नको, पण विचारतो. पहिली धार नेहमीइतकीच बाजूला काढली होती ना? डोकं फेकायचं, काळीज ठेवायचं, शेपूट परत भट्टीत घालायचं, हे मी तुमच्याच भट्टीपाशी बसून शिकलो. रागावू नका.

मामीकडेही आशीर्वाद मागतो.

तुमचा भाचा,
जेनेझियो


बोआ सोम्ब्रा
बुधवार, ३१ मे

जेनेझियो,

देव तुझं भलं करो, आणि जमलं तर तुझं नाकही दुरुस्त करो.

तुझं पत्र वाचून इतका हसलो की मामी चुलीवरचं टाकून बाहेर आली. शंभर मिलिलीटर! बावीस सेकंद! अरे, काशासा आहे का बाळाच्या खोकल्याचं औषध? लहानपणी कोंबड्यांना मका टाकायचास तोही मोजून, आणि मोजणी चुकली की रडायचास. कोंबड्या बिचाऱ्या तुझ्या तोंडाकडे बघत उभ्या.

माझ्या बापानं कधी मोजलं नाही. नळीतून धार पडते, ती तळहातावर घ्यायची, चोळायची, नाकाशी न्यायची. नाक म्हणालं 'आता', की खालचं भांडं बदलायचं. छत्तीस वर्षं मी हेच करतोय. माझी पिऊन आजवर कुणी वाकडं झालं नाही, झालं तर आपल्या बायकोच्या हातून झालं. आणि जपमाळ चोख आहे हे तू स्वतःच लिहितोस. मग भांडण कसलं? जपमाळ खोटं बोलत नाही. मी हल्ली तिच्याकडेच जास्त बघतो.

वास शहराचा आहे. बसचा धूर तुझ्या नाकात बसलाय. तसं या वर्षी सगळ्याच गोष्टींचं सत्त्व गेलंय. तुझ्या मामीची कॉफी म्हणजे नुसतं काळं गरम पाणी. दुकानदार त्यात भाजलेला मका कालवतो, मी त्याला चारचौघांत तसं सुनावून आलो. लसूण चावला तर कापूस. ईस्टरला मी तापानं पडलो होतो ना, तेव्हापासून बघतोय, बाजारात खरा माल येतच नाही.

ओझोरियोला सांग, सणाची शंभर लिटर १६ जूनच्या ट्रकनं निघेल. आणि त्या नाकाला मिठाच्या पाण्यानं धू.

बेलार्मिनो


बेलो ओरिझोंती
रविवार, ४ जून, सकाळचे आठ

मामा,

आशीर्वाद द्या.

तुम्ही सांगितलंत तसं मिठाच्या पाण्यानं नाक धुतलं. मग औषधाच्या दुकानात गेलो आणि दुकानदाराला म्हटलं, मला दहा बाटल्या डोळे मिटून हुंगायला द्या. तो म्हणाला, "कुणाशी पैज लावलीस का?" दहातल्या नऊ ओळखल्या. चुकलेली एक म्हणजे कापूर, तो मी निलगिरी समजलो. म्हणजे नाक ठीक आहे, मामा. ही चांगली बातमी असायला हवी होती, पण तिच्यामुळे मला झोप लागली नाही.

काल सकाळी अकराच्या सुमाराला लिंदोल्फो आले. रेल्वेच्या कारखान्यात फिटर आहेत, तुम्ही त्यांना ओळखता, डाव्या हाताला बोट कमी आहे ते. सेउ ओझोरियोंनी त्यांना तुमची नवी दिली, न मिसळता, कारण त्यांना तशीच आवडते. मी लिंबं कापत होतो. त्यांनी तीन पेले घेतले. तिसऱ्यानंतर म्हणाले, "ओझोरियो, दिवा का लावलास?" दिवा लावलेला नव्हता. मग त्यांना बाहेर नेईपर्यंत पायरीवरच उलटी झाली. आज सकाळी त्यांच्या घरी जाऊन आलो. अंथरुणावर बसले आहेत. डोळ्यांपुढे धुकं आहे म्हणतात. माझा चेहरा दिसला, पण मी हातात काय आणलं ते दिसलं नाही. मी संत्री नेली होती.

सेउ ओझोरियो म्हणतात, "रिकाम्या पोटी प्यायला, त्याला उसानं काय करायचं?" मी उरलेले तीन बुधले सरपणामागे नेऊन ठेवले आणि सांगितलं, गाळ बसू दे.

आता जे लिहितो ते दोनदा कच्चं लिहून मग उतरवलं आहे. डोकं काळजात मिसळलं गेलं आहे, मला याबद्दल शंका उरली नाही. तुमच्या हातून असं होणार नाही. मग भट्टीपाशी दुसरं कोण असतं? अनीसिओ. धार सुरू होते तेव्हा तुम्ही ऊस बघायला गेलात आणि भांडं त्याच्या ताब्यात राहिलं, तर माल वाढवायला तो पहिली धार आत सोडत असेल. तो चांगला माणूस आहे हे मला माहीत आहे. पण त्याला चार मुलं आहेत, आणि तुम्ही त्याला मजुरीवर बुधल्यामागे थोडं वर देता. मोह कुणालाही होतो. तुम्ही एकदा लक्ष ठेवा, एवढंच म्हणतो.

जेनेझियो


बोआ सोम्ब्रा
गुरुवार, ८ जून

जेनेझियो,

काल अनीसिओला काढून टाकला. चौदा वर्षं भट्टीखाली लाकूड घालत होता. तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं, कारण त्यानं कारण विचारलं. तो हात धुऊन निघून गेला.

तुझ्या मनासारखं झालं. आता भट्टीपाशी मी एकटाच आहे, तेव्हा पुढच्या मालाबद्दल पत्र येऊ नये.

शंभर लिटर १६ला निघते. जपमाळ चोख आहे.

बेलार्मिनो


बोआ सोम्ब्रा
मंगळवार, १३ जून

जेनेझियो बाळा,

देव तुला सांभाळो. मामानं तुला मागच्या पत्रात आशीर्वाद लिहिला नाही हे मला माहीत आहे, कारण पाकीट मी बंद केलं. म्हणून मी दोघांच्या वतीनं लिहिते.

मला लिहिण्याची सवय नाही, चुका झाल्या तर तू नीट करून वाच. आणि मी लिहिलं हे मामाला कधीही सांगू नकोस.

अनीसिओनं काही केलेलं नाही. तूही ते मनातून काढून टाक. हंगामाच्या पहिल्याच भट्टीला मी तिथं गूळ घेऊन गेले होते. मामानं धार तळहातावर घेतली, चोळली, हुंगली आणि म्हणाला, "बदल भांडं." अनीसिओ म्हणाला, "मालक, अजून डोक्याचा वास येतोय, थोडं थांबू." मामा त्याच्या अंगावर ओरडला, "नाक तुझं का माझं?" आणि हातातलं टमरेल फेकलं. मामाला असं ओरडताना मी लग्नापासून बघितलं नाही.

मग मी लक्ष ठेवलं. एक दिवस मुद्दाम घेवडा चुलीवर करपू दिला. मामा शेजारीच खाटेवर आडवा होता. घरभर करपल्याचा उग्र वास भरला, माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तर हा उठून विचारतो, "काय गं, रडतेस का?" घेवडा जळल्याचं त्याला कळलंच नाही. रॉकेलचा दिवा सांडला तरी कळत नाही. ईस्टरच्या तापानं त्याचं नाक गेलं, बाळा. त्याला ते माहीत आहे. माहीत नसल्यासारखं करतो, आणि कॉफीवाल्याशी भांडतो.

तुझं पत्र आलं तेव्हा मला वाटलं आता तरी बोलेल. तर त्यानं तुझंच नाव पुढे करून अनीसिओला काढलं. त्या रात्री जेवला नाही. सकाळी पुन्हा भट्टी पेटवली, एकट्यानं. हल्ली धार हुंगायचं नुसतं नाटक करतो, कुणी बघत नसलं तरी करतो. मग पाणी घालून घालून जपमाळ बसवतो.

अनीसिओची बायको माझ्याकडे बघत नाही. विहिरीवर मी गेले की ती घागर उचलते.

ती शंभर लिटर लोकांना पाजू नका. मामाला कसं सांगायचं ते तू बघ. तुला शब्द सापडतात.

मामी


बेलो ओरिझोंती
रविवार, १८ जून, दुपारचे दोन

मामा,

आशीर्वाद द्या. मागच्या पत्रात तुम्ही दिला नव्हता, तरी मी मागतो.

शंभर लिटर परवा दुपारी आली. पहिल्या बुधल्याचं बूच मी अर्धंच उपसलं आणि परत दाबलं. दारात पाववाला उभा होता. त्यानं विचारलं, "इथं कुणी खुर्च्यांना वॉर्निश मारतंय का?" ही आधीच्यापेक्षा वाईट आहे, मामा. पुष्कळ वाईट. आणि ह्या वेळी भट्टीपाशी तुम्ही एकटेच होतात.

अनीसिओबद्दल मी लिहिलं ते खोटं होतं. मला माहीत नसताना लिहिलं. त्याला पत्र लिहायला तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा फाडलं. हे पत्राचं काम नाही.

तुमचं ३१ मेचं पत्र काढून पुन्हा वाचलं. मामीची कॉफी म्हणजे गरम पाणी. लसूण म्हणजे कापूस. ईस्टरच्या तापापासून. मी हे आधीच समजायला हवं होतं. पण मला वाटलं जगात माझं नाक चुकू शकतं, अनीसिओची दानत चुकू शकते, तुमचं काही चुकू शकत नाही. तुम्हाला वास येत नाही, मामा. हे लिहिताना माझा हात थांबतो आहे, पण लिहिलं.

जपमाळेनं तुम्हाला फसवलं. ती फक्त जोर दाखवते, कशाचा जोर ते दाखवत नाही. डोक्यात जोर जास्तच असतो. डोकं आत गेलं आणि तुम्ही पाणी घालून जोर बसवलात, की जपमाळ काळजासारखीच सुंदर बसते. जे दिसत नाही ते हुंगूनच कळतं.

सेउ ओझोरियोंना मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते तुमचा माल कायमचा बंद करतील. आणि तरीही ही शंभर लिटर ते सणाला पाठवतीलच, हे मला पक्कं माहीत आहे. काल त्यांनी स्वतः चाखली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "आलं दुप्पट घाल, लवंगा घाल. उकळत्या हंड्यात कुणाला काय कळतंय?" मी खोटं बोललो. म्हटलं, ट्रकमध्ये हलली आहे, शुक्रवारपर्यंत स्वस्थ ठेवावी लागते. त्यांनी मानलं. म्हणून माझ्याकडे शुक्रवारपर्यंत वेळ आहे, आणि तुमच्याकडेही.

लिंदोल्फोंचं धुकं पाचव्या दिवशी उतरलं. त्यांनी तीन पेले घेतले होते आणि ती बरी म्हणायची अशी होती. मी ही तीनशे माणसांच्या हंड्यात घालणार नाही.

वाल्दीर आज निघतो, उद्या तुम्हाला हे मिळेल. सोबत एक पत्र्याचा मग पाठवतो आहे, अर्ध्या लिटरचा, आतून खिळ्यानं खूण केली आहे. तुमच्या भट्टीच्या एका खेपेला पहिले पाच मग फेका. वास येवो न येवो, मोजून पाच. आणि अनीसिओला बोलवा. त्याचं नाक चांगलं आहे.

तुम्ही स्वतः येऊन किंवा लिहून सेउ ओझोरियोंना सांगितलंत तर ते तुमच्या तोंडून येईल. शुक्रवारी ट्रक येतो त्या वेळेपर्यंत मी वाट बघेन. ट्रकमधून काही आलं नाही, तर अंगणातल्या मोरीपाशी पाचही बुचं उपसणार आहे. मग माझी नोकरी जाईल आणि तुमचं गिऱ्हाईकही. दोन्ही मी विचार करून लिहितो आहे.

जेनेझियो


बेलो ओरिझोंती
रविवार, २५ जून, सकाळचे साडेनऊ

मामी,

आशीर्वाद द्या.

मामा आणि अनीसिओ आज वाल्दीरबरोबर निघतील आणि हे पत्र त्यांच्याच हातून तुमच्याकडे येईल. ते वाचणार नाहीत, मी पाकीट चिकटवलं आहे. मामा तुम्हाला "झालं सगळं नीट" एवढंच सांगतील, म्हणून झालं तसं लिहितो.

शुक्रवारी ट्रक बारा वाजून वीस मिनिटांनी आला. मी बुचं उपसायचा आकडा बुधल्यांपाशी ठेवून दारात उभा होतो. मामा एकटेच उतरले. तुम्ही इस्त्री केलेला निळा शर्ट होता. माझ्याकडे बघितलंच नाही, सरळ आत गेले.

सेउ ओझोरियो गल्ल्यावरून उठले. "या, या, बेलार्मिनो! बरं झालं आलात. हा तुमचा भाचा आठवडाभर बुधल्यांवर कोंबडीसारखा बसलाय. मला हात लावू देत नाही. आणि चार वाजता फादरची माणसं हंडे घेऊन येणार."

लिंदोल्फो कोपऱ्यात नुसती कॉफी पीत होते. ते म्हणाले, "अंडी उबवतोय तो. त्यांतून माझे डोळे बाहेर येतील."

"तू गप रे. रिकाम्या पोटी ढोसतोस आणि दोष उसाला." मग सेउ ओझोरियो मामांना म्हणाले, "एकदा नाकाला लावा आणि सांगा चांगली आहे. तुमचा शब्द मला पुरे. छत्तीस वर्षांचं नाक आहे."

मी एका बुधल्याचं बूच उपसून पेला भरला. मामांनी रीतीप्रमाणे पहिला थेंब संतासाठी जमिनीवर टाकला आणि पेला मिशीपर्यंत नेला. बुधला उघडाच होता. वास एवढा होता की लिंदोल्फोंनी कॉफीवर हात धरला. मामांच्या चेहऱ्यावर काही नाही. मी मनात आकडे मोजत होतो, अकरापर्यंत आलो. मामी, त्यांनी नुसतं 'चांगली' म्हटलं असतं तर झालं असतं. चार वाजता हंडे भरले असते आणि त्यांचं नाव राहिलं असतं. मी बुचं उपसायच्या आकड्याकडे बघितलं.

मामा म्हणाले, "लिंदोल्फो, तुला कसला वास येतो रे?"

"मला विचारताय?"

"तुलाच."

"चांभाराच्या डिंकाचा. तिथपासून इथपर्यंत."

"मला येत नाही," मामा म्हणाले.

सेउ ओझोरियोंनी गल्ल्यावर थाप मारली. "ऐकलंस, जेनेझियो? बनवणाऱ्याला येत नाही म्हणजे नाही!"

"हसू नका, ओझोरियो. मला डिंकाचा येत नाही, उसाचा येत नाही, तुमच्या मागच्या संडासाचाही येत नाही. ईस्टरपासून कशाचाच येत नाही. ही मी डोळ्यांनी बनवली. फेकून द्या."

सेउ ओझोरियोंचा हात तसाच गल्ल्यावर राहिला. ते म्हणाले, "मग मेमधले दोन बुधले मी कुणाच्या नाकावर विकले?"

"कुणाच्याच नाही."

मामांनी पेला खाली ठेवला. ठेवताना तो टेबलाच्या काठावर बसला आणि पडला. कुणी उचलला नाही.

तेवढ्यात मागच्या दारातून अनीसिओ आला, खांद्यावर बुधला. ट्रकच्या दोऱ्या सोडत होता म्हणून मला आधी दिसला नव्हता. "मालक, हे कुठं ठेवू? अजून चार आहेत." मामा सेउ ओझोरियोंना म्हणाले, "ही ह्याच्या नाकाची आहे. तीन दिवस, दिवसाला दोन भट्ट्या. मी फक्त लाकूड घातलं."

सेउ ओझोरियो बरंच बोलले. ते सगळं लिहीत नाही. फसवणूक हा शब्द चार वेळा आला आणि फादरांचं नाव दोनदा. मामा उभ्यानं ऐकत होते, टोपी हातात. शेवटी लिंदोल्फोंनीच कंटाळून नवीन बुधल्यातला पेला मागितला. "मीच आधी पितो. माझ्या डोळ्यांना आता सवय झालीय." मी आधी हुंगला, मग त्यांना दिला. हिरवा ऊस, मामी, आणि मागे ओल्या गवतासारखं काहीतरी. मी मिश्रण करायला बसलो, पण ह्या काशासात काही मिसळायची गरजच नव्हती. सेउ ओझोरियोंनी एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि म्हणाले, "भाव एक चाळीस. एक साठ आता विसरा." मामा म्हणाले, "ठीक." मला वाटलं ते घासाघीस करतील.

सणाला हंड्यापाशी मीच उभा होतो. आलं नेहमीइतकंच घातलं. फादर दोन पेले प्यायले. आज सकाळपर्यंत कुणी आजारी पडल्याचं ऐकलं नाही, मी मुद्दाम सहा घरी विचारून आलो.

पण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं होतं. पोरं मामांच्या मागून "बिननाकाचा आला" म्हणत गेली. मामांनी ऐकलं. मला म्हणाले, "कान आहेत अजून." आणि चालत राहिले. रात्री खाणावळीत त्यांनी सूप दोनदा मागून घेतलं. विचारलं तर म्हणाले, "गरम आहे एवढं कळतं. तेवढं बास."

अनीसिओशी काल सकाळी बोललो. तो ट्रकपाशी चाकं बघत होता. मी पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, "तुझ्या त्या मगावर मी आधी थुंकलो. मग मोजून पाहिलं. पाचवा मग भरतो तिथंच माझं नाकही म्हणतं, आता." मी म्हटलं, "अनीसिओ, मी तुझं नाव—" तो म्हणाला, "घ्यायच्या आधी विचारायचं असतं, पोरा. माझ्या बायकोला विहिरीवर बायका काय बोलल्या ते तुला माहीत नाही." मग चाकाला लाथ मारून हवा बघितली. हात पुढे केला नाही. मीही केला नाही, मला तो हक्क आहे असं वाटलं नाही.

मामांनी हिशेब नीट लिहून तुमच्याकडे द्यायला सांगितलं आहे. तो असा:

नवी काशासा शंभर लिटर, एक चाळीसनं: १४० क्रूझेरो जमा.
त्यातून सेउ ओझोरियोंनी मे महिन्यातल्या तीन खराब बुधल्यांचे कापले: ९६.
मामांच्या हातात रोख: ४४.

मी केलेला खर्च:
लिंदोल्फोंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं: १८.
संत्री: १ क्रूझेरो २० सेंतावो.
खाणावळ, दोघांची दोन रात्री: २८.
आठ खराब बुधले परत न्यायचं वाल्दीरचं भाडं: २४. (मामा म्हणतात त्यातली काही सांधेदुखीला चोळायला राहील, बाकी ओढ्यापासून लांब खड्डा करून ओतायची.)
एकूण: ७१ क्रूझेरो २० सेंतावो. हे मी मागत नाही.

देणं:
लिंदोल्फोंना बुडालेल्या चार दिवसांचे, दिवसाला १२: ४८. मामा पुढच्या मालातून देणार.
अनीसिओला बुडालेल्या दहा दिवसांची मजुरी, ८ ते १९ जून, रविवार सोडून, दिवसाला ६: ६०. मामा म्हणाले हे सगळं त्यांनी द्यायचं, कारण काढलं त्यांनी. मी म्हटलं, नाव मी लिहिलं. वाद झाला. शेवटी निम्मं-निम्मं ठरलं. माझे ३० ह्या पाकिटात आहेत. तुम्ही ते अनीसिओच्या हातात देऊ नका, त्याच्या बायकोच्या हातात द्या, विहिरीवर, बाकीच्या बायका असताना, आणि कशाचे आहेत ते मोठ्यानं सांगा.

जेनेझियो